रविवारची पिवळी गोळी

संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक टेबल असतं. तपासून झालं की पेशंट तिथे येतो आणि कुठली गोळी कधी, कशी, कशासाठी हे समजून घेतो. मी त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसते. समोर येणाऱ्यांत साठीच्या पुढचे पुष्कळ. आम्ही आधी काही सांगत नाही, बरोबरची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावतो. बीपीची गोळी, शुगरची, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी, गॅसची, गुडघ्यासाठी शेजाऱ्यांनी सुचवलेली वेदनाशामक, चोळायची दोन तेलं, आणि बऱ्याचदा कागदात बांधलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या. आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए) या सांधे सुजवणाऱ्या दुखण्याचं, औषध सुरू करायचं तर पहिली पायरी ही पिशवी. म्हातारपणी नवं औषध एकटं कधीच येत नाही, आधीच्या आठ-दहांच्या घोळक्यात शिरतं.

इथवर पोचायलाच काही महिने गेलेले असतात. कारण घरात, आणि कधी कधी दवाखान्यातही, एकच वाक्य ऐकलेलं असतं: वय झालं, आता झीज होणारच. झीज आणि आमवात यांतला फरक मात्र एक्स-रेच्याही आधी हाताला कळतो. झिजेच्या गाठी बोटांच्या टोकाजवळच्या पेरावर येतात आणि हाडासारख्या टणक लागतात. आमवात टोकाचं पेर बहुतेक वेळा सोडून देतो. तो धरतो मनगट, बोटांची मुळं, म्हणजे मुठीवरचे उंचवटे, आणि मधली पेरं, आणि सूज दाबली तर मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते. हात मिळवताना चारही बोटांची मुळं बाजूंनी हलकी दाबली आणि माणूस कळवळला, तर पुढची तपासणी टाळायची नाही. पायाच्या बोटांचंही तेच. “सकाळी खड्यांवर चालल्यासारखं होतं,” हे वाक्य आम्ही इतकं ऐकतो की ते केसपेपरवर तसंच लिहितो.

सकाळी सांधे किती वेळ आखडतात हे विचारलं तर “बराच वेळ” असं उत्तर येतं, त्यातून काही हाती लागत नाही. म्हणून प्रश्न बदलायचा. उठता किती वाजता? एका हाताने चहाचा कप कधी उचलता येतो? अंबाडा स्वतःचा स्वतः कधी जमतो? सहाला उठून अंबाडा साडेसातला जमत असेल तर तो दीड तास झाला. झिजेचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, आमवाताचा तासाच्या पुढे जातो.

साठीनंतर सुरू होणाऱ्या आमवाताची चाल जराशी वेगळी असते. तरुणपणी बायकांचं प्रमाण फार जास्त, इथे पुरुषही बरेच दिसतात. पुष्कळदा दुखणं एकदम, चार-आठ दिवसांत उभं राहतं, आणि खांद्यांपासून सुरू होतं. हात वर जात नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, वजन उतरतं, बारीक ताप राहतो. नेमकं असंच चित्र पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका नावाच्या दुसऱ्या दुखण्यातही दिसतं, आणि तेही पन्नाशीनंतरच येतं. त्यामुळे डॉक्टर दुखण्याला लगेच नाव द्यायला तयार नसले तर ते योग्यच. त्यात २००६च्या साथीपासून महाराष्ट्रात चिकुनगुन्याचा प्रश्न आलाच. तापानंतर सहा-सहा महिने दोन्ही हातांची बोटं सुजलेली राहू शकतात आणि ती हुबेहूब आमवातासारखी दिसतात. ताप कधी आला होता, घरात आणखी कुणाला आला होता का, हे म्हणूनच विचारतात.

रक्ततपासणीतला सगळ्यात मोठा गोंधळ नावाचा आहे. “आरए फॅक्टर” या तपासणीच्या नावातच रोगाचं नाव आलंय. त्यामुळे रिपोर्टवर पॉझिटिव्ह दिसलं की घरचे निदान करून मोकळे होतात. प्रत्यक्षात हा फॅक्टर धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही सापडतो, आणि वयाबरोबर सापडण्याचं प्रमाण वाढतं. उलट, खरा आमवात असून तो निगेटिव्ह असणारेही पुष्कळ. अँटी-सीसीपी ही तपासणी त्यापेक्षा नेमकी आहे. ईएसआरचंही, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचंही, तसंच. त्याची वरची मर्यादा वयाप्रमाणे सरकते. बायकांसाठी ढोबळ हिशेब म्हणजे वयात दहा मिळवून निम्मे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा ईएसआर ४२ आला तर तेवढ्यावरून घाबरण्यासारखं काही नाही. आणि युरिक अॅसिड किंचित वाढलेलं दिसलं म्हणून गाउटच्या, म्हणजे युरिक अॅसिड सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याच्या, गोळ्या घेत बसलेले आजोबाही वरचेवर येतात. सांधे बघायचे, मग कागद बघायचा. २०१०चे जे आंतरराष्ट्रीय निकष वापरतात, त्यांतसुद्धा दहापैकी पाच गुण किती आणि कुठले सांधे धरलेत याला आहेत. सहा गुण झाले की आमवात धरतात.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची मोजणी झाली होती. तिथे आमवात निघाला तो प्रौढांच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या शंभर जणांत आमवात असणारे थोडेच, पण मध्यम गावातही पाच-पन्नास माणसं निघतील इतका तो सर्रास आहे.

निदान झालं की बहुतेकांना पहिलं औषध मिळतं ते मेथोट्रेक्सेट. ते देण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कावीळ ब आणि क यांच्या चाचण्या आणि छातीचा एक्स-रे करतात. छातीचा फोटो कशाला, हात दुखतोय ना, असं विचारतात. जुना टीबी दिसतो म्हणून, आणि पुढे कधी या औषधाने फुप्फुसाला सूज आली तर आधीचा फोटो ताडून बघायला हवा म्हणून. या यादीत म्हाताऱ्या माणसासाठी सगळ्यात कळीचा आकडा क्रिएटिनिनचा, आणि तोच सगळ्यात फसवा. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. पंचाहत्तर वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं तर पुष्कळ लॅबचा रिपोर्ट त्याला नॉर्मल म्हणतो. पण स्नायूच कमी राहिलेत म्हणून तो आकडा खाली दिसतो. वय, वजन घालून हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद मिनिटाला ३१ मिलिलिटरच्या घरात येते. तीसच्या खाली हे औषध देत नाहीत, आणि साठच्या खाली गेलं की मात्रा कमी ठेवतात. म्हणून टेबलाच्या शेजारीच वजनकाटा असतो. वजन “पन्नास असेल” असं सांगून चालत नाही.

आता गोळी. म्हाताऱ्या माणसाला सुरुवात बहुधा ७.५ मिलिग्रॅमने होते, कधी पाचने. आठवड्यातून एकदा. हे “एकदा” मी तीनदा सांगते, आणि मग समोरच्याकडून म्हणून घेते. आपल्या औषधांच्या दुनियेत सगळं रोजचं असतं. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. केमिस्टचं पेनही सवयीने पट्टीवर “रात्री १” लिहितं. दवाखान्यात दुसऱ्या कशासाठी भरती झालं की नवी फाइल होते, औषधांची यादी उतरवून घेताना “आठवड्यातून” हा शब्द गळतो. आणि रोज घेतली की हीच मात्रा विष होते.

गंमत अशी की हिच्याबरोबर जी दुसरी गोळी देतात, फॉलिक अॅसिड या जीवनसत्त्वाची, पाच मिलिग्रॅमची, तीही लहान आणि पिवळी. मेथोट्रेक्सेटही लहान आणि पिवळी. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. एक आठवड्यातून एकदाच घ्यायची. दुसरी काही डॉक्टर आठवड्यातून एक-दोनदा देतात, काही मेथोट्रेक्सेटचा वार सोडून रोज. यांची अदलाबदल झाली की संपलं. दोघींचं मूळही एकाच घरचं आहे. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. १९४०च्या दशकात त्यांच्याच चमूने फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेत तयार केलं, आणि त्याला अडवणारी द्रव्यंही. मेथोट्रेक्सेट त्यांतलंच एक.

चूक झाली तर दिसते कशी, हे सांगायला हवं, कारण ती मराठी घरात हमखास वेगळ्या नावाने ओळखली जाते. रोज गोळी घेतली की काही दिवसांतच तोंड येतं. ओठांच्या आत, जिभेच्या कडांना, घशापर्यंत फोड. भाकरी सोडा, पेज गिळताना डोळ्यांतून पाणी येतं. घरचे म्हणतात, उष्णता झाली. मग गुलकंद, सब्जाचं पाणी, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. औषध चालूच. त्यानंतर ताप, अंगावर निळे-जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त. तोवर हाडांच्या मगजात पेशी तयार होणं बंद पडत आलेलं असतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसाचं तोंड आलं तर ती उष्णता नव्हे. गोळी थांबवायची, पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना गाठायचं. दवाखान्यात ल्युकोव्होरिन देतात. घरातल्या फॉलिक अॅसिडच्या चार गोळ्या जास्त खाऊन हे निस्तरत नाही. फॉलिक अॅसिड शरीरात कामाला लागण्यासाठी जो टप्पा लागतो, मेथोट्रेक्सेट तोच अडवतं. ल्युकोव्होरिन त्या टप्प्याच्या पलीकडचं, तयार रूप आहे.

म्हणून वार ठरवणं ही फार मोठी गोष्ट आहे. उपवासाचा वार नको. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, आणि श्रावणात सोमवार, एरवी गुरुवार किंवा शनिवार धरणारे पुष्कळ असतात. मुलगा, सून किंवा लेक घरात असते तो वार चांगला, म्हणून बरेच जण रविवार रात्रीचं जेवण ठरवतात. आजोबांची रविवारी “बैठक” असते का हे मी न लाजता विचारते, कारण दारू आणि ही गोळी दोन्ही यकृतावरच पडतात. चिठ्ठीवर नुसतं “आठवड्यातून एकदा” नको, वाराचं नाव हवं. ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि पट्टीवर जाड पेनाने आपणही लिहावं. एकाच ताकदीची गोळी घरात ठेवायची. ७.५ची दहावर गेली की जुनी पट्टी घराबाहेर. अडीचच्या तीन आणि दहाची एक असा हिशेब पंचाहत्तरीत कुणी करू नये. ७.५ची एकच गोळी असेल तर दहा गोळ्यांची पट्टी दहा आठवडे, म्हणजे सव्वादोन महिने पुरायला हवी. पंधरवड्यात दुसरी पट्टी मागायला माणूस आला तर केमिस्टने घंटा वाजवायला हवी. फॉलिक अॅसिडला सात खणांचा डबा चालतो. मेथोट्रेक्सेट त्या डब्यात टाकू नये, वेगळ्या डबीत, घरच्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवावं. गोळी तोडायचीही नाही, कुटायचीही नाही. घरात सून किंवा लेक गरोदर असेल, किंवा तसा विचार असेल, तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

रविवार चुकला तर मंगळवारपर्यंत घेता येते. त्यानंतर तो आठवडा सोडायचा आणि पुढच्या रविवारी नेहमीएवढीच घ्यायची. दोन एकदम नाहीत. ताप आला, कुठला संसर्ग झाला, अँटिबायोटिक सुरू झालं, जुलाब-उलट्या होऊन पाणी कमी पडलं, तर त्या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवतात. उन्हाळ्यात जुलाब झालेला म्हातारा माणूस दोन दिवसांत मूत्रपिंडाला दमवतो, आणि मग आठवड्याची साधी मात्राही अंगात साचते. एक नाव फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा: कोट्रायमॉक्साझोल, एक अँटिबायोटिक. लघवीच्या जळजळीसाठी ते सर्रास देतात, आणि मेथोट्रेक्सेटबरोबर ते रक्तपेशींना एकदम खाली आणू शकतं. लघवीचा संसर्ग आज्यांना वरचेवर होतो, म्हणून लाल शाई. कोरडा खोकला आणि चालताना लागणारा नवा दम हेही “हवा बदलली” म्हणून सोडायचं नाही.

गोळीचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरता दिसायला तीन महिने. एवढा वेळ माणूस कळ काढणार कशी? म्हणून मध्ये प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची पांढरी गोळी देतात, म्हाताऱ्यांना बहुधा पाच ते साडेसात मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. इथे दुसरा सापळा आहे. स्टेरॉइडने तीन दिवसांत बोटं मोकळी होतात. आजी म्हणते, ही पांढरी गोळी खरी, ती पिवळी नुसती मळमळ आणते. मग पिवळी बंद, पांढरी वर्षभर. पांढरी काम करते आणि किंमतही वसूल करते. हाडं ठिसूळ होतात, त्वचा कागदासारखी होते, शुगर चढते. ही शुगर दुपारनंतर चढते, त्यामुळे उपाशीपोटीचा रिपोर्ट छान येतो. तपासायची तर दुपारच्या जेवणानंतर. बंद करताना हळूहळू उतरवायची, एकदम तोडली तर चक्कर, उलटी, बीपी खाली. त्या नाव नसलेल्या पुड्यांवर आमचा डोळा असतो तो यामुळेच. दोन दिवसांत जादूसारखा आराम, चेहरा गोल, शुगर वाढलेली, असं असेल तर पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी लागते. रागावून काही होत नाही, माणूस पुडी लपवतो. आणि लपवलेली पुडी अचानक बंद पडली तर जास्त वाईट. म्हणून सांगतो, आणा, टेबलावर ठेवा, डॉक्टर बेताने उतरवतील.

रक्त कधी द्यायचं यातही एक खुबी आहे. गोळीनंतर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरता वर जातो. रविवारी गोळी आणि सोमवारी सकाळी रक्त, असं केलं की उगाच धावपळ होते. शुक्रवारी किंवा शनिवारी द्यावं. पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे स्थिर झालं की दोन-तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी साडेतीन हजारांच्या खाली, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली उतरत चाललेले, एसजीपीटी शंभराच्या वर, किंवा क्रिएटिनिन आधीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने वाढलेलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करायचा. एका रिपोर्टपेक्षा उतार-चढ महत्त्वाचा, म्हणून सगळे आकडे एका वहीत एकाखाली एक.

तीन महिन्यांनी डॉक्टर २८ सांधे मोजतात: खांदे, कोपरं, मनगटं, बोटं, गुडघे. या मोजणीत पावलं नाहीत. हात बरे झाले म्हणून आकडा सुंदर येतो आणि चपलेच्या आत बोटं सुजलेलीच राहतात. मोजे, चपला काढून पाय दाखवायला आम्ही टेबलावरच सांगतो, नाहीतर कुणी काढत नाही. गुण पुरेसा नसेल तर मात्रा वाढते, पंधराच्या पुढे पोटातून नीट शोषलं जात नाही म्हणून आठवड्याच्या इंजेक्शनवर जातात, किंवा सल्फासालाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडतात. या शेवटच्याची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे ४५ किलोच्या आजीला रोज २००. डोळ्यांचा पडदा सुरुवातीला तपासून घ्यायचा. २०२०मध्ये करोनाच्या भीतीने याच गोळ्या दुकानांतून गायब झाल्या, तेव्हा आमचे पेशंट चार-चार केमिस्ट फिरत होते. आमवाताचीच आणखी एक गोळी, टोफासिटिनिब, आता भारतात स्वस्त झाली आहे आणि मागणीही वाढली आहे. पण पासष्टीच्या पुढे, हृदयाचं दुखणं किंवा धूम्रपान असेल तर ती शेवटचा पर्याय म्हणूनच. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते, आणि नागीण उठण्याचा धोका असल्यामुळे तिची निर्जीव लस आधीच घेतलेली बरी. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोनियाचीही घ्यावी.

स्वयंपाकघरातली कामं बंद करा असं आम्ही सांगत नाही. ती बंद होतही नाहीत. जोर बोटांवरून तळहातावर आणि कोपरावर न्यायचा, एवढंच. पातेलं सांडशीत धरून एका हाताने उचलण्याऐवजी दोन्ही तळहात खाली घालून, जाड फडक्याने. भरलेला तांब्या कडेने चिमटीत धरायचा नाही. ओलं फडकं पिळताना नळाला गुंडाळून ओढायचं, मनगट मुरगळायचं नाही. लाटणं जाड हवं, आणि पोळ्या सकाळी सहाला नकोत, हात सुटल्यावर दहाला. सूज लाल, गरम असेल त्या दिवशी शेक नको, आणि तेल चोळणं तर नकोच. वातूळ म्हणून बटाटा, डाळ, दही, आंबट सगळं सोडून ताकभातावर आलेले लोक वजन आणि स्नायू दोन्ही घालवून बसतात. वरण, अंडं, मासे, जे चालत असेल ते खा. आमवाताला पथ्य म्हणावं असं एकच: विडी-सिगारेट.

बरीच वर्षं आमवात असलेल्या माणसाची गुडघा बदलण्याची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवात आहे हे आपण होऊन सांगायचं. मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, आणि भूल देताना मान मागे वाकवतात. मान पुढे-मागे वाकवून आधी एक्स-रे काढतात. मेथोट्रेक्सेट सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी सहसा थांबवत नाहीत. तरी “ऑपरेशन आहे, सगळ्या गोळ्या बंद” असं कुणीतरी सांगतंच, आणि तिसऱ्या आठवड्यात हात पुन्हा सुजतात.

दिवाळीनंतर मुलाकडे किंवा लेकीकडे महिनाभर जाणारे टेबलाशी येऊन विचारतात, किती गोळ्या नेऊ? चार. त्या महिन्यात पाच रविवार असले तर पाच. प्रत्येक गोळी वेगळ्या लहान पाकिटात, पाकिटावर तारीख, आणि पाकिटं लेकीच्या हातात. उरलेली पट्टी घरीच ठेवून जायची.